गप्पांत गेलेलं अर्धं बोट

साडेनऊ मावशींना साडेनऊ का म्हणतात, हे नवीन माणसाने विचारलं की मावशी दोन्ही पंजे त्याच्या नाकापुढे धरतात आणि म्हणतात, "मोज." डाव्या हाताचं मधलं बोट पेरापाशीच संपलेलं आहे. "उरलेलं रोलरने खाल्लं. अर्धं माझ्याकडे ठेवायला दिलंय, भूक लागली की मागून घेईल."

मावशी कामाला आहेत ती धुलाईची मोठी गिरणी. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने येतात, धुतल्या जातात, पिळल्या जातात आणि शेवटी इस्त्रीच्या रोलरमधून जातात. रोलर म्हणजे तापलेलं लाटणं समजा, फक्त खोलीभर लांब. त्याच्या तोंडापुढे दोघी बायका उभ्या राहतात. एकीने ओल्या चादरीचं एक टोक धरायचं, दुसरीने दुसरं, कड ताणून रोलरच्या तोंडाशी लावायची आणि दोघींनी एकदम सोडायची. रोलर चादर ओढून घेतो आणि पलीकडे कोरडी, कडक करून टाकतो. चादर आणि बोट यांतला फरक त्याला कळत नाही. तो कळावा म्हणून तोंडापुढे एक आडवी दांडी असते. हात पुढे गेला की तो दांडीला लागतो, दांडी ढकलली जाते आणि रोलर जागच्या जागी थांबतो.

म्हणजे थांबायला हवा.

मावशींचं बोट गेलं तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या, आणि ते कसं गेलं याची एक गोष्ट सगळ्या गल्लीला तोंडपाठ आहे. म्हणे मावशी जोडीदारणीला कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची हकिगत सांगत होत्या. "आणि मग नवऱ्यामुलाची आत्या म्हणाली," इथवर आल्या आणि बोट आत! दवाखान्यात नेताना जोडीदारीण रडत विचारत होती, "अगं, पण आत्या काय म्हणाली?" या गोष्टीला लोक अजून पोट धरून हसतात. मावशीही हसतात, कारण गोष्ट सांगावी कशी हे त्यांना कळतं आणि ही चांगली बांधलेली आहे. फक्त ती खोटी आहे. मोडलेल्या लग्नाची हकिगत सकाळीच सांगून झाली होती. बोट गेलं तेव्हा मावशी गप्प होत्या. चादरीचा कोपरा आत दुमडला होता, तो सरळ करायला हात पुढे गेला. हात दांडीला लागला. दांडी हलली नाही.

हलणार कशी? ती बांधलेली होती. फाटक्या चादरीची एक पट्टी घेऊन, दोन वेढे देऊन, पक्की गाठ मारून.

कोणी बांधली? हा प्रश्न विचारला की तिथली प्रत्येक बाई दुसरीकडे बोट दाखवते. मावशी अर्धंच दाखवतात. खरं तर पट्टी जुनी झाली की ज्या दिवशी जिची पाळी असेल ती नवी बांधायची, आणि त्यात मावशीही होत्या. बायकांना काही हात जाळून घ्यायची हौस नव्हती. दांडीची स्प्रिंग ढिली होती. ओल्या चादरीची नुसती घडी लागली तरी दांडी ढकलली जायची आणि रोलर थांबायचा. थांबला की आत अडकलेली चादर तिथल्या तिथे करपायची. करपलेली चादर सुपरवायझर झेंड्यासारखी फडकवत सगळ्या गिरणीतून मिरवायचा: "ही बघा यांची कलाकुसर!" मग कोण कशाला दांडी मोकळी ठेवेल?

स्प्रिंग बदला म्हणावं, तर मिस्त्री मशीन बंद पडल्याशिवाय यायचा नाही. दांडी बांधलेली असली की मशीन बंद पडायचं नाही. दांडी सोडली की चादरी करपायच्या, आणि करपल्या की सुपरवायझर म्हणायचा, नीट घालता येत नाही तुम्हाला. असा तो घाण्याचा बैल, गोल गोल.

तर बोट गेलं, चौकशी झाली. त्या सुपरवायझरने दांडीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने एवढंच विचारलं, "बोलत होतीस का?" मावशी म्हणाल्या, "आम्ही दिवसभर बोलतो, साहेब." झालं. कारण सापडलं. दुसऱ्याच आठवड्यात रोलरच्या वर पाटी लागली: रोलरवर बोलू नये. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. मावशींचा नवरा, देव त्याचं भलं करो, दवाखान्यात उशाशी बसून पहिलं वाक्य हेच म्हणाला, "तुझं लक्ष कुठे होतं?" मावशींनी त्या वाक्याबद्दल त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही. तसा माणूस बरा होता.

पुढे सुपरवायझर बदलत गेले, पाटी राहिली. कुणी ती कडक पाळत नसे. सध्याचे सुपरवायझर मात्र पाटीचे भक्त. ओठांवर बोट ठेवून रांगेतून फिरायचे, म्हणून बायकांनी त्यांचं नाव चूपसाहेब ठेवलं. चूपसाहेबांना वाटायचं, गप्पा बंद म्हणजे अपघात बंद. गप्पा बंद झाल्या, ते एक वेळ सोसलं. पण त्यांनी गप्पांबरोबर 'सोड'ही बंद केलं.

हे 'सोड' काय, ते सांगायला हवं. चादर तोंडाशी लावली की डावीकडची बाई ओरडायची, "सोऽड!" आणि दोघी एका क्षणी हात मागे घ्यायच्या. वाफेने समोरचं धड दिसत नाही, पंख्यांचा घरघराट, अशात तो एक शब्द म्हणजे दोघींच्या हातांना बांधलेली दोरी. एकीने आधी सोडलं आणि दुसरीने नंतर, तर चादर तिरकी जाते. तिरकी गेली की उशीर झालेली बाई ती सरळ करायला हात पुढे नेते. बुद्धी सांगते नको, पण हात बुद्धीला विचारून जात नाही. चूपसाहेबांनी सांगितलं, "ओरडायचं काय कारण? मान हलवा." बायका मान हलवायला लागल्या. वाफेत कुणाची मान कुणाला दिसते?

मावशींची सून त्याच गिरणीत लागली, आणि लागली ती मावशींच्याच रोलरवर. सासू डावीकडे, सून उजवीकडे. गिरणीत यावरही विनोद झाले. "घरी भांडायला आवाज राखून ठेवा हं!" पण दोघींचं बरं होतं. सून अबोल, शिवाय सासूच्या गोष्टींवर योग्य जागी हसणारी, म्हणजे सुनांतलं रत्नच.

त्या दिवशी चूपसाहेब दोघींच्या पाठीशीच उभे होते. मावशींनी चादर लावली. 'सोड' जिभेवर आलं. पाठीमागे बुटांचा आवाज झाला. मावशींनी शब्द गिळला आणि मान हलवली. सून तेव्हा चादरीच्या शिवणीकडे बघत होती. मावशींनी सोडलं, सुनेने धरलेलंच होतं. चादर तिरकी झाली, सुनेचा हात सरळ करायला पुढे गेला, दांडीला लागला. दांडी हलली नाही.

थांबवायचं लाल बटण घडी घालायच्या टेबलापलीकडे, रोलरच्या दुसऱ्या टोकाला. मावशी त्या वयात ज्या वेगाने धावल्या, तो वेग त्यांना पुन्हा कधी जमला नाही. पोरीची बोटं वाचली. पण दोन बोटं भाजून चेपली ती वाकायचीच बंद झाली.

संध्याकाळी घरी मावशींचा मुलगा आला. तो टेम्पो चालवतो, स्वभावाने गरीब. बायकोचा पट्ट्यांत गुंडाळलेला हात पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तोंडातून काय आलं?

"अगं, तुझं लक्ष कुठे होतं?"

सून खाली मान घालून म्हणाली, "चुकलंच माझं."

मावशींनी हातातली कपबशी अशी आदळली की कान तुटून पडला. "बापाचा लेक शोभतोस! तुमच्या घराण्यात हे एकच वाक्य पाठ करून घेतात का रे? आणि तू गं? काय चुकलं तुझं? नीट सांग, मलाही कळू दे."

"आई, मी बघितलं नाही तुमच्याकडे."

"आणि मी ओरडले नाही. ओरडायला बंदी. दांडी बांधलेली. बटण तिकडे परगावी. एवढ्या सगळ्यांत तुला तुझीच चूक बरी सापडली!"

मुलगा म्हणाला, "पण आई, दांडी तुम्हीच बांधता ना?"

मावशींकडे याला उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर लांबलचक होतं, आणि रागात लांबलचक उत्तर देता येत नाही. त्यांनी कपाचा कान उचलून खिडकीतून भिरकावला. त्या रात्री त्यांनी एकच गोष्ट ठरवली: स्प्रिंग बदलून ती दांडी मोकळी होईपर्यंत पोरीचा हात पुन्हा त्या तोंडापुढे जाऊ द्यायचा नाही. सुनेला काम सोडायचं नव्हतं. घरात बसून ती वेडी झाली असती. म्हणजे हात बरा व्हायच्या आत दांडी बरी व्हायला हवी होती.

चौकशीला या खेपेला मुख्य कचेरीतून सुरक्षा अधिकारी आला. चांगला शिकलेला, चेहरा मात्र रात्रपाळी करून आल्यासारखा. येताना त्याने टेम्पो भरून पिवळ्या टोप्या आणल्या, त्या बांधकामावर घालतात तशा कडक. धुलाईच्या गिरणीत टोप्या! बायका आळीपाळीने घालून एकमेकींच्या डोक्यावर टकटक करू लागल्या.

मावशींनी छताकडे पाहिलं. "इथे वरून काय पडणार आहे, साहेब? फार तर पाल पडेल."

टोपीवाल्याने कपाळाला हात लावला. "मावशी, मी रोलरसाठी नव्या दांड्या मागितल्या होत्या. गोदामात टोप्या शिल्लक होत्या."

तिथून मावशींचं त्याच्याशी जमलं. त्याने पट्टी पाहिली, गाठ पाहिली, स्प्रिंग पाहिली, बटणापर्यंत चालत जाऊन आला. कोणी बांधली असं मात्र त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "का बांधावी लागते?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मावशींनी ते लांबलचक उत्तर एकदाचं पुरं दिलं. तो मान हलवत राहिला.

"यातलं नवीन काहीच नाही," तो म्हणाला. "फार पूर्वी लोक म्हणायचे, हात तुटला, नशीब. मग म्हणायला लागले, निष्काळजीपणा. मग शहाण्या माणसांनी सांगितलं, माणूस चुकणारच, बोलणारच, दमणारच. तेव्हा मशीन असं करा की चुकला तरी हात शाबूत राहील. हेही सांगून पिढ्या झाल्या, मावशी. आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मग आमच्या गिरणीत कुठवर पोचलंय ते?"

"तुमच्याकडे... निष्काळजीपणापर्यंत आलंय."

"म्हणजे नशिबाच्या पुढे एक पाऊल," मावशी म्हणाल्या. "चला, प्रगती आहे."

तो हसला, पण ते हसू काही पोटातून आलं नाही. त्याने पट्टी सोडून दांडीची दुरुस्ती करा, बटण जवळ आणा, बायकांना 'सोड' म्हणू द्या, असं चूपसाहेबांना सगळ्यांदेखत सांगितलं. मुख्य कचेरीलाही कळवतो म्हणाला. चूपसाहेब "हो, हो, अगदी" म्हणाले. मावशी त्या दिवशी घरी जाताना गुणगुणत होत्या. सुनेला म्हणाल्या, "बघ, आता होईल."

झालं ते असं. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी मुख्य कचेरीहून उत्तर आलं म्हणून चूपसाहेब स्वतः शिडीवर चढले आणि जुन्या पाटीच्या शेजारी नवी पाटी ठोकली: कामाच्या वेळी विचारात राहू नये.

मावशींनी ती दोनदा वाचली.

"साहेब, हे काय?"

"वरून आलंय. तुमच्या सुनेनेच सांगितलं ना चौकशीत, की ती शिवणीच्या विचारात होती म्हणून?"

"माझं बोट गेलं तेव्हा बोलणं बंद केलंत. हिची बोटं चेपली, आता विचार बंद. पुढच्या वेळी काय, श्वास?"

"मावशी, उगाच शब्दाला शब्द नको."

"आणि दांडी?"

"मशीन चालू आहे ना? चालू मशीनला मिस्त्री कसा बोलावू? मलाही वर उत्तर द्यावं लागतं. वेळ आली की बघू." हे ते अगदी समजुतीने म्हणाले. चूपसाहेब दुष्ट असते तर मावशींना सोपं गेलं असतं. दुष्ट माणसाला शिव्या देता येतात. हे म्हणजे वरून आलेली पाटी ठोकून घेणारी नुसती भिंत. भिंतीवर डोकं आपटलं तर भिंतीला काय?

त्याच आठवड्यात सून कामावर आली. दोन बोटं लाकडासारखी ताठ, त्यांवर हातमोजा. ती मुकाट्याने आपल्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. मावशींनी तिचा हात पाहिला, मग दांडी पाहिली. पट्टी नवीकोरी होती. मधल्या काळात कुणीतरी इमानेइतबारे बदललेली.

मावशींनी नखांनी गाठ सैल केली आणि पट्टी सोडून टाकली.

"अहो मावशी!" शेजारच्या रोलरवरची घडीवाली ओरडली. "चादरी करपतील! बोलणी आम्ही खायची का?"

"खा. जेवणाचा डबा आणलाय ना, त्यात कालवून खा."

"स्वतः इतकी वर्षं बांधत होतात तेव्हा बरं होतं!"

आपलेच दात, आपलेच ओठ. मावशींना ते लागलं. पण त्यांनी पट्टी घडी घालून खिशात टाकली आणि पहिली चादर उचलली. घडी दांडीला लागली, रोलर थांबला, चादर करपली. परत सुरू केला. परत थांबला. तिसरी चादर करपली तेव्हा धुराचा वास आला, आणि वासामागून चूपसाहेब.

"काय चाललंय? बांधा ती दांडी!"

"तुम्ही बांधा, साहेब."

"मी?"

"अवघड नाही. हात आत घालायचा, दांडीच्या खालून पट्टी घ्यायची, दोन वेढे. गाठ मी शिकवते." मावशींनी खिशातून पट्टी काढून पुढे केली. "फक्त जपून हं. बोलायचं नाही आणि विचारही करायचा नाही."

सगळ्या बायकांचे हात थांबले होते. चूपसाहेबांनी पट्टी घेतली. ते पुढे झाले. रोलरच्या तोंडातून गरम वाफेचा झोत त्यांच्या मनगटावर आला. ते जरा थांबले, त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं, मग सुनेच्या हातमोज्याकडे, आणि हात हळूच पाठीमागे नेला. घडीवालीला हसू आवरेना; तिने टोपी तोंडावर धरली. टोपीचा तेवढा उपयोग झाला.

"तू बांध गं," चूपसाहेब सुनेला म्हणाले.

सून, जिने आजवर गिरणीत वर मान करून पाहिलं नव्हतं, ती म्हणाली, "माझी बोटं वाकत नाहीत, साहेब. गाठ मारता येत नाही."

दुपारपर्यंत करपलेल्या चादरींचा ढीग झाला आणि चूपसाहेबांना मशीन बंद पडलंय असं सांगावंच लागलं. मशीन बंद म्हटल्यावर मिस्त्री आला. तेव्हाच चहा आला होता. मिस्त्रीने आपला कप टेबलावर ठेवला, रोलरखाली वाकला, काहीतरी काढलं, पिशवीतून काहीतरी घेऊन बसवलं, दांडी बोटाने ढकलून पाहिली. रोलर थांबला. ओल्या चादरीची घडी दांडीवर आपटून पाहिली. रोलर चालू राहिला. तो उठला, हात पुसले, कप उचलून घोट घेतला. चहा अजून गरम होता.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "आधी का नाही सांगितलं?"

मावशी चादरींच्या ढिगावर मटकन बसल्या. सुनेला वाटलं, आनंदाने. ती जवळ आली. "आई, झालं ना काम."

"हो गं."

"मग?"

"चहा निवला नाही त्याचा," मावशी म्हणाल्या. "चहा निवायच्या आत झालं." आणि ओल्या चादरीत तोंड खुपसून त्या जशा रडल्या, तशा नवरा गेला तेव्हाही रडल्या नव्हत्या. घडीवालीने पाणी आणलं, तर तिच्यावरही डाफरल्या.

घरी मुलगा जेवायला बसला तेव्हा मावशींनी मिस्त्रीकडून मागून आणलेली जुनी स्प्रिंग त्याच्या ताटाशेजारी टाकली. गंजलेली, वाळक्या शेंगेएवढी.

"हे काय?"

"विचारत होतास ना, हिचं लक्ष कुठे होतं? याला विचार."

त्याने ती उचलली, बोटांत दाबून पाहिली. दाबली ती दाबलेलीच राहिली. "एवढीशी?" तो म्हणाला, मग बायकोकडे पाहून ती हळूच खाली ठेवली. सून डाव्या हाताने घास घेत होती. अजून तिला ते नीट जमत नव्हतं.

दांडी आता मोकळी आहे. बटण तिकडे परगावीच आहे. टोपीवाला येतो, मागणी करतो, कपाळाला हात लावून जातो. दोन्ही पाट्याही जागच्या जागी आहेत. दुसऱ्या दिवशी मावशींनी चादर लावली आणि छाती भरून ओरडल्या, "सोऽऽड!" चूपसाहेबांनी रांगेच्या टोकावरून पाटीकडे बोट दाखवलं. मावशींनी मान वर केली नाही. शेजारच्या रोलरवर त्या दिवशी चादर लावायला उभ्या राहिलेल्या घडीवालीची आरोळी आली, "सोऽड!" मग तिच्या पलीकडून. चूपसाहेब थोडा वेळ तसेच बोट दाखवत उभे राहिले, मग हिशेबाच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"आई," सून वाफेतून म्हणाली, "ती आत्या काय म्हणाली होती हो? मोडलेल्या लग्नातली?"

"चादर धर आधी," मावशी खेकसल्या. "सांगते."